पूर, पावसाळा आणि परसातलं बी: भाजीपाल्याचं घरचं बियाणं वर्षानुवर्षं कसं टिकवायचं

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या माजघरात चढलं. आठवड्याने घरी परतलो तेव्हा कोनाड्यातलं गाडगं जागेवरच होतं, पण आतलं पावट्याचं बी फुगून, मोड येऊन कुजलं होतं. सासूबाईंनी चाळीसेक वर्षं सांभाळलेला तो वाण. बाजारात पावट्याचं बी मिळतं, पण त्या लालसर काठाच्या शेंगेचं मिळत नाही. महिनाभराने माण तालुक्यातल्या थोरल्या नणंदबाईंनी रुमालात बांधून मूठभर बी पाठवलं. कधीतरी दिवाळीला माहेरी आल्या होत्या, तेव्हा सासूबाईंनीच त्यांच्या पिशवीत ते घातलं होतं. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तालुक्याच्या बियाण्याच्या दुकानापर्यंत जाणंही बंद झालं. तेव्हापासून मी घरच्या भाजीपाल्याचं बी नीट धरू लागले. चुका बऱ्याच झाल्या. त्यातून जे हाती लागलं आणि जाणत्यांकडून जे शिकले, ते इथे क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लोक बरणी कोणती, डबा कोणता, फ्रीजमध्ये ठेवायचं की नाही, हे विचारतात. बी मरतं ते त्याआधीच, अर्धवट वाळवल्यामुळे. ओलसर बी हवाबंद बरणीत कोंडलं तर उघड्या सुपात ठेवलेल्या बियापेक्षा लवकर मरतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा वाळवण्याला दिली आहे.

कोणतं बी धरायचं

पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ 1’ असं लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी धरून साठवू नका. ते उगवतं, पण पुढची पिढी एकसारखी येत नाही. एक झाड उंच, दुसरं खुरटं, फळ भलतंच. अडचणीच्या काळात असल्या बियावर भरवसा ठेवता येत नाही. ‘सरळ वाण’ किंवा ‘सुधारित वाण’ लिहिलेलं पाकीट घ्या. त्याहून चांगलं म्हणजे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडून गावठी बी मागून आणा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावोगावच्या अशाच वाणांची बियाणे बँक आपल्या घरी उभी केली. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. असं बी जमवून ठेवलेल्या बायका बहुतेक गावांत एक-दोन तरी असतात, फक्त विचारायला जावं लागतं.

कायद्याची भीती बाळगू नका. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी स्वतःच्या ब्रँडच्या पाकिटात घालून विकता येत नाही, एवढंच.

सुरुवात सोप्या भाज्यांनी करा. टोमॅटो, वाल, पावटा, घेवडा, चवळी, गवार आणि मेथी यांचं बी मिसळ होण्याचा धोका कमी असतो, कारण फूल बहुतेक आपल्याच परागाने फळ धरतं. वांगी, मिरची आणि भेंडीत मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. परसात तिखट आणि भोपळी अशा दोन मिरच्या शेजारी असतील, तर कळ्या उमलायच्या आधी एका फांदीला जुन्या मच्छरदाणीची पिशवी बांधा. आत फळ धरलं की पिशवी काढा आणि त्या फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधा.

वेलभाज्यांत मात्र मिसळ ठरलेलीच. एका जातीचा दुधी शेजारच्या दुसऱ्या जातीच्या दुधीशी, भोपळा भोपळ्याशी सहज मिसळतो. आजूबाजूला दुसरी जात असेल तर हाताने परागण करा. उद्या उमलणारी एक नर आणि एक मादी कळी (मादीच्या मागे इवलंसं फळ दिसतं) दोऱ्याने हलकेच बांधून ठेवायची. उमलायच्या वेळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलावर टेकवायचे आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं. वेळ सांभाळा: भोपळा, काकडी, कारलं सकाळी उमलतं, दुधी आणि दोडका संध्याकाळी. मी पहिल्या वर्षी दुधीच्या फुलाला सकाळी जाऊन बसायचे आणि ते मिटायच्या बेतात असायचं.

दुधीबद्दल आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. ज्या वेलाचा दुधी कडू लागतो त्याचं बी धरू नका आणि तो खाऊही नका. कडू दुधी विषारी असतो. बियाचं फळ राखायच्या आधी त्याच वेलाच्या दुसऱ्या कोवळ्या फळाचा तुकडा जिभेला लावून बघा आणि थुंकून टाका.

बी एकाच देखण्या झाडाचं घेऊ नका. वांगी, मिरची, भेंडी, भोपळा यांची निदान पाच-सहा निरोगी झाडं निवडून सगळ्यांचं थोडं थोडं बी एकत्र करा. मक्याला तर शंभरेक झाडं लागतात, नाहीतर काही पिढ्यांत कणसं बारीक होत जातात. परसात मक्याचा नाद सोडलेला बरा. आणि पालेभाज्यांत एक उलटं तत्त्व लक्षात ठेवा. मेथी, कोथिंबीर, माठ यांत जे रोप सगळ्यात आधी फुलावर येतं त्याचं बी घेतलं, तर पुढच्या वर्षी पाला कमी आणि तुरे लवकर. उशिरा फुलावर येणारी रोपं बियाला राखा.

बी काढणं

खायचं फळ आणि बियाचं फळ वेगळं. वांगं पिवळं-तपकिरी पडून जून झालं पाहिजे, काकडी पिवळी, मिरची लालभडक. वांगं तोडल्यावर चार-पाच दिवस घरात ठेवा, मग चिरून पाण्यात कुस्करा. भरलेलं बी तळाशी बसतं, गर आणि पोचट बी वर येतं. ते ओतून द्या.

टोमॅटोच्या बियाभोवती बुळबुळीत आवरण असतं. पिकलेल्या टोमॅटोचा गर बियांसकट काचेच्या पेल्यात पिळा, कापडाने झाका आणि आंबू द्या. थंडीत तीन दिवस लागतात, मार्च-एप्रिलमध्ये दीड-दोन दिवस पुरे. वर पांढरी साय दिसली की भरपूर पाण्यात धुऊन चाळणीत घ्या. जास्त दिवस राहिलं तर बी पेल्यातच मोड धरतं. काकडीलाही हीच रीत, एक दिवस पुरतो. धुतलेलं बी स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या ताटलीत पसरा. वर्तमानपत्रावर पसरलं तर चिकटून बसतं आणि सोडवताना तुटतं.

कारल्याचं फळ केशरी होऊन फुटायच्या आधी घ्या. बियावरचा लाल गर राखेत चोळला की सुटतो. दुधी, दोडका, घोसाळं यांना काहीच करावं लागत नाही: वेलावरच वाळू द्या, हलवल्यावर आत बी खुळखुळलं की देठासकट तोडा. आमच्याकडे पूर्वी असे दोडके आढ्याला टांगलेले असायचे, चुलीच्या धुराच्या वाटेत. धुराने किडा लागत नसे आणि ऊबेने बी कोरडं राहत असे. लाल भोपळा तोडल्यावर महिनाभर ठेवून मग फोडला तर बी जास्त भरतं.

भेंडीची शेंग झाडावर वाळून कडांना तडकू लागली की काढा. घेवडा, चवळी, पावटा यांच्या शेंगा कडकडीत वाळू द्या, पण पाऊस येणार असं दिसलं तर झाड उपटून पडवीत उलटं टांगा. धने तपकिरी व्हायला लागले की तुरे कापून कापडी पिशवीत उलटे लटकवा. साठवताना धना अख्खाच ठेवायचा; रगडून दोन डाळी करायच्या त्या पेरताना.

वाळवणं: इथे घाई नको

बियात ओल किती आणि आजूबाजूला ऊब किती, यावर त्याचं आयुष्य ठरतं. बियाणे शास्त्रातला जुना ठोकताळा असा: बियातली ओल एका टक्क्याने कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंश सेल्सियसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. दुसरा ठोकताळा: तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज शंभराच्या खाली राहिली तर बी बरीच वर्षं टिकतं. आपल्या जुलै महिन्याचा हिशेब करून बघा. 30 अंश सेल्सियस म्हणजे 86 फॅरनहाइट, आर्द्रता 80, बेरीज 166. उघड्या डब्यातलं बी एका पावसाळ्यात का मरतं ते यात आलं.

यावरचा उपाय देशावर फुकटात मिळतो. मार्च ते मे या दिवसांत सोलापूर, माण, बीड, जालन्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की सावलीत पसरलेलं बी आपोआप वाळून निघतं. म्हणून बियासाठीची झाडं रब्बीत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला धरा, म्हणजे फळ याच दिवसांत वाळायला येतं. खरिपातल्या भाजीचं बी धरायची वेळ आली तर ते दिवाळीनंतर काढा.

पसरायला सूप, परडी किंवा जुनं सुती लुगडं चांगलं. सकाळी आठ ते अकराचं कोवळं ऊन द्या, मग सावलीत वाऱ्यावर. भर दुपारी पत्र्यावर किंवा गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बी टाकू नका. साधारण 35 अंशांच्या वर गेलं की ओलं बी आतून भाजतं, आणि वरून मात्र ठणठणीत दिसतं. संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून घरात घ्या. असं आठ-दहा दिवस.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? चवळी, पावटा दगडावर ठेवून हातोडीने ठोका. चपटं झालं तर ओल आहे, फुटून तुकडे उडाले तर वाळलं. भोपळ्याचं बी वाकवून बघा, कट्‌कन मोडलं पाहिजे. लहान बियांसाठी मिठाची परीक्षा: काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर बी आणि दोन चमचे तव्यावर परतून थंड केलेलं मीठ घाला, झाकण लावून हलवा, एक दिवस ठेवा. मीठ काचेला चिकटलं किंवा त्याच्या गुठळ्या झाल्या तर बी अजून ओलं आहे. परीक्षेचं बी चाळून बाजूला काढा, साठवणीत मिसळू नका.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या फ्लॅटमध्ये उन्हाळ्यातही हवा दमट असते, तिथे दुसरा टप्पा लागतोच. सिलिका जेलचे रंग बदलणारे खडे आणा. निळे घेतले असतील तर ओल शोषल्यावर ते गुलाबी होतात. केशरीही मिळतात, ते घेतलेले बरे, कारण निळ्या रंगातलं रसायन विषारी असतं. बियाच्या वजनाइतके खडे कापडी पुरचुंडीत बांधून बियासोबत घट्ट बरणीत आठवडाभर ठेवायचे. खडे मिळाले नाहीत तर तांदूळ: जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भरपूर वेळ परतायचे, लगेच बरणीत झाकून थंड करायचे आणि बियाच्या दुप्पट घ्यायचे. गरम तांदळात बी टाकू नका.

आंबा, फणस, कोकम, जांभूळ यांना यातलं काहीही लागू नाही. त्यांचं बी वाळलं की मरतं. खाल्लं की लगेच लावायचं. रताळं, अळू, सुरण, हळद, आलं हे बियावर नाही, वेलावर आणि गड्ड्यांवर टिकतात. परसाच्या एका कोपऱ्यात ते कायम जिवंत ठेवा.

किडा

चवळी, वाल, पावटा, तूर यांत किडा बाहेरून येतो असं वाटतं. खरं तर भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि अळी बियाच्या पोटात बसून घरी येते. म्हणून घट्ट झाकणाची बरणीसुद्धा दोन महिन्यांत पिठाने भरते. पूर्ण वाळवलेलं कडधान्याचं बी हवाबंद डब्यात घालून पाच-सहा दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अळ्या-अंडी मरतात. ओलं बी गोठवलं तर मात्र बीच मरेल. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. एक दिवस तसाच ठेवा, नाहीतर थंड बियावर हवेतली वाफ जमते.

फ्रीजर नसेल तर जुनी रीत चांगली आहे. चुलीची राख कपड्याने चाळून, पूर्ण थंड करून, बी बुडेल इतकी घाला. राखेत भुंग्याला हलताच येत नाही. वाळलेला कडुलिंबाचा पाला खाली-वर घालतात तोही उपयोगी, पण पाला कोरडाच हवा. एकट्या पाल्यावर मी विसंबत नाही.

बाजारच्या पाकिटातलं गुलाबी किंवा निळसर रंग दिलेलं बी औषध लावलेलं असतं. ते खाण्याच्या धान्याजवळ ठेवू नका आणि कितीही अडचण आली तरी शिजवू नका.

बंद करणं आणि वाटून ठेवणं

रबराची चकती असलेली काचेची बरणी सगळ्यात भरवशाची. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबाही चालतो. झाकणाच्या कडेवर मेण ओता किंवा चिकटपट्टी गुंडाळा. प्लास्टिकच्या पातळ पिशवीतून ओल हळूहळू आत शिरते, त्यामुळे ती फक्त आतल्या वेष्टनाला. गाडगं सुंदर असतं, पण ते श्वास घेतं. राखेतल्या कडधान्यासाठी ठीक, टोमॅटो-मिरचीच्या बियासाठी नाही. सगळं बी एकाच मोठ्या बरणीत ओतू नका. एका पेरणीपुरत्या कागदी पुड्या करा आणि त्या बरणीत ठेवा, म्हणजे उरलेलं बी दरवेळी उघडं पडत नाही. बरणी मृग लागायच्या आत बंद झाली पाहिजे. पावसाळ्यात ती उघडायचीच असेल तर सात-आठ दिवस उघडीप असेल तेव्हा, भर दुपारी.

प्रत्येक पुडीत चिठ्ठी घाला, पेन्सिलने लिहिलेली. शाई फिकट होते. वाण, कुणाकडून आला, काढल्याचा महिना आणि वर्ष, किती झाडांचं बी, कधी पेरायचं. ‘वांगी, 2021’ एवढंच लिहिलेल्या माझ्या पुड्यांपैकी काटेरी कोणती आणि भरताची कोणती हे मला पेरून फळ येईपर्यंत कळलं नव्हतं.

आता जागा. फ्रीजचा खालचा कप्पा चांगला, पण पुरात चार-पाच दिवस वीज नसते, म्हणून सगळं तिथे नको. बियाचे तीन भाग करा. एक भाग घरातच, थंड अंधाऱ्या जागी, पुराची जुनी रेघ असेल तिच्यावर. त्यातली प्रत्येक वाणाची एक पुडी रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या पिशवीत घाला, घर सोडताना ती पिशवी हाताशी असतेच. दुसरा भाग वेगळ्या नदीखोऱ्यातल्या, वेगळ्या तालुक्यातल्या नातेवाइकांकडे: माहेरी, नणंदेकडे, मावशीकडे. तिसरा भाग दरवर्षी पेरायचा आणि त्याचंच ताजं बी पुन्हा बरणीत घालायचं.

जगातल्या मोठ्या बियाणे बँकाही हेच करतात. सीरियात अलेप्पोजवळ कोरडवाहू पिकांच्या वाणांचा फार मोठा संग्रह होता. युद्धामुळे तिथे काम करणं अशक्य झालं. पण त्या संस्थेने बियाच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातल्या तिजोरीत आधीच पाठवल्या होत्या. 2015 मध्ये त्या परत मागवून मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये पेरल्या आणि संग्रह पुन्हा उभा राहिला. आमच्या नणंदबाईंचा रुमाल हे त्याचंच लहान रूप.

किती बी ठेवावं? टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया येतात, तेव्हा दोन-तीन ग्रॅम पुष्कळ झालं. भेंडी, चवळी, पावट्याचं बी जड, त्यांचं पाव-पाव किलो लागेल. साठवताना आधी भूक भागवणाऱ्यांचा विचार करा. मेथी आणि माठ महिन्याभरात ताटात येतात, चवळीच्या शेंगा दोनेक महिन्यांत. चवळी-पावट्याचं कडधान्य आणि लाल भोपळा पुढे कित्येक महिने घरात टिकतात.

दरवर्षीची तपासणी

चांगलं वाळवून बंद केलेल्या बियाचा साधारण अंदाज असा: कांदा एक वर्ष, फार तर दोन, भेंडी, मिरची, धने दोन-तीन, चवळी, घेवडा, पावटा तीनेक, टोमॅटो, वांगी, काकडी, भोपळा चार-पाच. फ्रीजमध्ये यापेक्षा बरंच जास्त. कांद्याच्या बियावर दीर्घकाळाची तजवीज करू नका.

अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी घालायची पद्धत आहे, त्याच्या दोन-तीन आठवडे आधी मी चाचणी घेते. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बी ओळीत मांडायचं. भरपूर असेल तर शंभर, नाहीतर वीस. वर दुसरा तुकडा, सैल गुंडाळी, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. चवळी चार-पाच दिवसांत कळते, टोमॅटो आठवड्यात, मिरचीला दोन आठवडे द्या. शंभरात 70 च्या वर मोड आले तर बी ठीक. 50 ते 70 आले तर पेरताना दीडपट-दुप्पट बी घाला. 50 च्या खाली गेलं तर वाट बघू नका, त्याच हंगामात सगळं पेरून ताजं बी धरा. मोड आलेली रोपं फेकायची नाहीत, सरळ कुंडीत लावायची.

अडचणीत बरणी उघडताना

फ्रीजमधली बरणी एक दिवस बाहेर ठेवून मग उघडा. जुनं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. कारलं आणि दोडक्याच्या बियाचं टोक नखकात्रीने किंचित कापलं तर लवकर उगवतं. बरणीतलं सगळं बी एकदम पेरू नका. निम्मं पेरा, निम्मं मागे ठेवा. पहिली रोपं गोगलगायींनी किंवा पावसाने नेली तर दुसरा डाव हाती राहतो. पुराचं पाणी चढलेल्या जमिनीत आठ-पंधरा दिवस चिखल सुकू द्या, तोवर गोणीत किंवा फुटक्या बादलीत माती-शेणखत भरून रोपं तयार करा.

आणि त्या वाफ्यातलं पहिलं धडधाकट फळ तोडू नका. घरात भाजी नसली तरी नाही. त्याच्या देठाला लाल दोरा बांधा आणि मुलांना सांगून ठेवा.